अंतरपाटावरचा कवडसा

केशरबाईनं पिशवीतून आधी काराळ्याची चटणी काढली, मग फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी, आणि तळाशी हात घालून लुगड्याच्या घडीतली काळी कॅसेट. चटणी-भाकरी ओट्यावर गेली. कॅसेट मात्र हातातच राहिली, आणि केशरबाई लेकीच्या पुण्यातल्या स्वयंपाकघरात परक्याच्या घरी आल्यासारखी उभी राहिली.

"यातून तुझ्या बाबाचा आवाज काढून दे."

उर्मिलेनं गॅस बारीक केला. "आधी बस तरी. एसटीत अवघडली असशील."

"बसते. आधी हो म्हण."

"आई, त्या कॅसेटीत आवाज नाही. नुसती सिनेमाची गाणी आहेत. तूच सांगायचीस."

"गाणी वरून घातलीत. खाली तुझे बाबा हाईत. टीव्हीवर तुझंच दाखवलं की गं. उजेडातून आवाज काढते म्हणालीस. साऱ्या जगाला काढून देतीस, आईला न्हाई व्हय?"

गाणी वरून घातली होती, हे खरं होतं. त्र्याण्णवच्या उन्हाळ्यात, लातूरकडच्या करजखेडीत लागलेलं लग्न. हणमंत फोटोवाल्यानं ते व्हिडिओवर घेतलं होतं. त्या काळी खेड्यातला व्हिडिओवाला कॅसेट हवाली करण्याआधी मांडवातला गलका पुसून टाकायचा आणि त्यावर गाणी चढवायचा. गलका कुणाला हवा? गाणी नसली तर लोक म्हणायचे, फसवलं की ओ. म्हणून त्या कॅसेटीत नवरदेवाची आई ओठ हलवते आणि कुणी नटी गाते; भटजी हात वर करून मंगलाष्टकं म्हणतात आणि ढोलकी वाजते; व्यंकटराव, उर्मिलेचा बाप, काहीतरी बोलतो, आणि व्हायोलिनं उसासे टाकतात.

त्याच वर्षी गणपती बोळवून गाव झोपलं आणि पहाटे भुई हलली. केशर महालक्ष्म्यांना माहेरी आलेली होती. आईनं आग्रह केला म्हणून चार दिवस जास्त राहिली होती. पोटात उर्मिला होती. ती परतली तेव्हा सासरचं दारही सापडलं नाही. व्यंकटरावाचा फोटो नाही, सदरा नाही. कॅसेट तेवढी राहिली, कारण नवी नवरी ती माहेरी दाखवायला घेऊन गेली होती.

आणि एक वाक्य राहिलं.

अंतरपाट धरलेला होता. पलीकडचा माणूस केशरनं तोवर धड बघितलेला नव्हता. उन्हाळ्याची दुपार, अंगावर शालू, समोर हॅलोजनचा भगभगीत दिवा. डोळे मिटले, पाय लटपटू लागले. तेव्हा अगदी जवळून, हळू आवाजात, कुणीतरी म्हणालं, "भिऊ नको. मी हाय ना."

अंतरपाटाच्या पलीकडून दुसरं कोण बोलणार? पुढं जे थोडे महिने संसार झाला त्यात व्यंकटराव मोजकं बोलायचा, शेतात राबायचा, दमून झोपायचा. ते वाक्य तुम्हीच ना, असं विचारायला तिला लाज वाटली. मग विचारायला माणूसच उरला नाही. पण वाक्य होतं. पत्र्याच्या शेडमध्ये बाळंत होताना होतं, पुनर्वसनाच्या सिमेंटच्या घरात लेकीला घेऊन एकटी राहायला गेली तेव्हा होतं. कुणाच्याही हळदीला तिला गायला बोलावत, आणि जात्याला हात लागला की हीच ओवी आधी यायची:

भुई हालली पहाटं, संसार मातीत सांडला
एका सबदाचं जोतं, त्यावं जलम मांडला

उर्मिलेलाही बाप असा वाक्यातूनच मिळाला. दहावीच्या पेपराला जाताना, पहिल्यांदा विमानात बसताना आई तिच्या कानाशी लागून म्हणायची, "बाबा काय म्हणायचे? भिऊ नको, मी हाय ना." चाळिशी ओलांडलेली शास्त्रज्ञ झाली तरी ती व्याख्यानाला उभी राहण्याआधी हे मनात म्हणून घ्यायची. इतर मुलांचे बाप शाळेत सोडायला यायचे. तिचा बाप पाचच शब्दांचा होता, पण चुकायचा नाही कधी.

"गुर्जींनापण सांगितलंय मी," केशरबाई खाली बसत म्हणाली. "म्हणले, उर्मी काढून देणार हाय. म्हणाले, मीही येतो ऐकायला. एकदा खातरी करून घेतो म्हणाले."

गुर्जी म्हणजे नागनाथ गुरुजी. भूकंपात त्यांची बायको गेली. पत्र्याच्या शाळेत तेच शिकवायचे. दोन पावसाळे गेल्यावर केशरच्या भावानं त्यांचा विषय काढला. त्या दिवसांत अशी पुष्कळ लग्नं लागली, उरलेल्यांनी उरलेल्यांशी लावलेली. गुरुजी स्वतः आले, दारात उभे राहिले. केशरनं उंबऱ्याच्या आतून सांगितलं, "ज्यानं मला पहिलं वाक्य हे सांगितलं, त्याची मी हाय. तुम्ही चांगले हाव, पण मी त्या वाक्याला काय सांगू?" गुरुजी "बरं" म्हणाले आणि गेले. गाव सोडून नाही गेले. तीन घरं टाकून राहिले, स्वतःच्या भाकरी स्वतः थापत.

"देते काढून," उर्मिला म्हणाली. नाही म्हणून करणार काय?

तिची अनिच्छा का होती हे सांगायचं तर यंत्राविषयी सांगावं लागेल.

लहानपणी आपण सगळ्यांनी भिंतीवर कवडसा नाचवलेला असतो. हातातला आरसा तिळभर हलला की भिंतीवरचा कवडसा हातभर पळतो. उर्मिलेला हे गुरुजींनी शिकवलं होतं, पत्र्याच्या शाळेत, दाढीच्या आरशानं. "बघ पोरी," ते म्हणाले होते, "उजेड चहाडखोर असतो. आरसा हलला हे आरशाला कळत नाही, उजेड भिंतीला जाऊन सांगतो." ज्या गावानं भुई हलताना पाहिली त्या गावातल्या पोरीला हे असं लागलं की सुटलंच नाही. ती प्रकाशशास्त्र शिकली. आधी तिनं काचेच्या तारा जमिनीत पुरल्या. तारेतून जाणाऱ्या उजेडाला भुईची बारीकशी थरथरही कळते, मग ती भूकंपाची असो की बैलगाडीची. त्या कामात भूगर्भवाले आले, मग कानाचे डॉक्टर आले, गाण्याचे अभ्यासक आले. सगळ्यांचा देव एकच निघाला: थरथर.

मग तिच्या डोक्यात आलं, भुईची थरथर ऐकता येते तर कापडाची का नाही? आवाज म्हणजे हवेचा धक्का. तो पोचतो तिथलं सगळं हलतं. पिंपळाचं पान हलतं, तांब्यातलं पाणी, जरीची तारसुद्धा, फक्त आपल्याला दिसत नाही. पण जरीवर दिवा पडलेला असेल तर तिची चमक त्या थरथरीसोबत कमी-जास्त होते. चमक मोजली की आवाज परत मिळतो. अडचण वेगाची होती. व्हिडिओत सेकंदाला पंचवीसच चित्रं, आणि माणसाचा गळा सेकंदाला शेकडो वेळा थरथरतो. इथं जुन्या कॅमेऱ्यांनी हात दिला. नळीवाले जुने कॅमेरे अख्खं चित्र एकदम टिपत नसत; आपण पान वाचतो तसं वरून खाली ओळीओळीनं वाचत यायचे, सेकंदाला पंधरा हजारांवर ओळी. प्रत्येक ओळ म्हणजे वेगळा क्षण. ज्यांना जुनाट म्हणून भंगारात टाकलं, त्यांनीच मांडवातला श्वासन् श्वास जपून ठेवला होता. गाणी चढवली ती आवाजाच्या पट्टीवर; चित्राला कुणी हात लावला नव्हता.

यंत्राचं नाव तिनं 'कवडसा' ठेवलं.

पहिलं वर्ष लोक रडत आले आणि हसत गेले. सांगलीच्या एका म्हाताऱ्यानं आपल्या मेलेल्या आईला "जेवलास का रे?" एवढंच म्हणताना ऐकलं आणि यंत्राला नमस्कार केला. मग हळूहळू हसत जाणारे कमी झाले. एका बहिणीनं ऐकलं की तिच्याच पाठवणीत, ती हुंदके देत असताना, दोघे भाऊ तिच्या वाट्याच्या रानाविषयी बोलत होते. नाशिककडचं एक जोडपं नातवंडांसकट बसून ऐकायला आलं आणि दोन रिक्षांनी परत गेलं. गाणी चढवणारे व्हिडिओवाले किती पुण्यवान होते हे लोकांना उशिरा कळलं. कोर्टानं कवडशाचा आवाज पुरावा म्हणून मानला, आणि उर्मिलेला वारंवार साक्षीला उभं राहावं लागलं. ती शपथेवर सांगायची, "यंत्र यात काहीही मिसळत नाही." तिचा शब्द म्हणजे शिक्का होता.

आता तिच्यासमोर तिच्याच आईबापांचं लग्न होतं.

दुपारी प्रयोगशाळेत तिनं चित्र लावलं. अंतरपाट. पांढरं कापड, काठाला हातभर जर, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. हणमंतानं कॅमेरा नवरीच्या बाजूनं धरला होता; हॅलोजन थेट जरीवर. याहून चांगलं चित्र मागून मिळालं नसतं. तिनं जरीवरचे चमकते ठिपके निवडले आणि यंत्र सोडलं.

आधी नुसती खरखर, पाणी उकळावं तशी. मग मंगलाष्टकं, भटजींचा बेसूर. कुठंतरी एक पोर रडतं. आणि मग पडद्यापलीकडून, तरणाबांड, जरासा चिडका आवाज:

"मामा, बाशिंग लई टोचायलंय. सैल कर की जरा."

उर्मिला खुर्चीतून उठली. परत बसली. हा बाप. कोर्टात शेकडो अनोळखी आवाज तिनं कोरड्या डोळ्यांनी ऐकले होते; बाशिंग टोचतंय म्हणणाऱ्या या पोराला मात्र तिनं पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान बाप. तिला हसू आलं.

"हालू नको," कुणीतरी, मामा असणार, पुटपुटला.

मग ते वाक्य आलं. स्वच्छ, मऊ, अगदी जवळचं. "भिऊ नको. मी हाय ना."

आई खरं सांगत होती. शब्द होते.

पण आवाज तो नव्हता.

तिनं मान हलवली. जवळून बोललं की आवाज बदलतो, कुजबुजीत बदलतो. तिनं पडद्याची हालचाल काढली. पलीकडून कुणी बोललं तर पडदा आधी आपल्याकडे फुगतो. अलीकडून बोललं तर आधी पलीकडे. बाशिंगाच्या वाक्याला पडदा तिच्याकडे आला होता. या वाक्याला तो पलीकडे गेला. बोलणारा नवरीच्या बाजूला होता. मग तिनं बाकीचं चित्र तपासलं आणि हात थांबले. त्या पाच शब्दांच्या वेळी अंतरपाटच नव्हे, मांडवाचा खांब, नवरीच्या कानातलं, भटजींचं उपरणं, सगळं एकदम, एकाच तालात थरथरलं होतं. सगळं एकदम कधी थरथरतं? एक तर भुई हलली, नाहीतर कॅमेरा.

कॅमेरा बोलणाऱ्याच्या खांद्यावर होता.

हणमंतकाकांचा नंबर शोधायला वेळ लागला नाही. लातुरात त्यांच्या मुलाचं सीसीटीव्हीचं दुकान होतं.

"कोण बोलायलंय?"

"करजखेडीच्या व्यंकटरावांची मुलगी, काका."

"अगं माय! केशरची पोर! ती टीव्हीवाली! बोल की बाळा. आमच्या धंद्याची वाट लावलीस बघ तू, लोक येऊन शिव्या देतात, आमच्या कॅसेटी परत द्या म्हणतात." आणि ते खोकेपर्यंत हसले.

"काका, शूटिंग करताना तुम्ही नवरीला काही म्हणायचा का? धीराचं?"

"म्हणायलाच लागायचं! हजार वॅटचा हॅलोजन तोंडावर. पोरी डोळे मिटायच्या, थरथर कापायच्या, फोकस कुठला बसायला? वस्तादानं शिकवलेलं, जवळ जाऊन हळूच म्हणायचं, भिऊ नको, मी हाय ना. म्हणलं की पोरगी गप उभी ऱ्हायची. सगळ्याच पोरींना म्हणायचो. लातूर जिल्ह्यात माझ्यासारखा क्लोजअप कुणाचा न्हवता." ते थांबले. "का गं? काही चुकलं का?"

"नाही काका. चित्र चांगलं आलंय."

ती यंत्रासमोर बसून राहिली. बापाच्या आवाजाचा तुकडा तिच्याकडे होता. तेवढ्या तुकड्यावरून त्या गळ्यानं हवं ते वदवून घेणं अवघड नव्हतं. कुठल्याही विद्यार्थ्याला चहा निवेपर्यंत जमलं असतं. तिनं करून पाहिलंही. व्यंकटराव म्हणाला, "भिऊ नको. मी हाय ना." इतकं खरं, की कोर्टानंही मानलं असतं. तिनं ते पुसून टाकलं. आयुष्यभर लोकांना खरं ऐकवलं, त्यांचे संसार मोडले तरी ऐकवलं. आईला खोटं कोणत्या तोंडानं देऊ? तिला वाटलं, आई भूकंपानंतर पुन्हा उभी राहिलेली बाई आहे, हेही सोसेल. आणि थोडं, अगदी थोडं, असंही वाटलं की मी एकटीनं का सोसावं?

दुसऱ्या दिवशी तिनं आईला प्रयोगशाळेत नेलं. केशरबाई नवं इरकल नेसली होती. खुर्चीच्या टोकावर बसली, चपला दाराशी काढून.

"बाशिंग लई टोचायलंय," व्यंकटराव म्हणाला, आणि केशरबाईनं पदर तोंडाशी नेला. ती हसत होती. "असंच! अगं असंच बोलायचे, नाकातून! बघ, आल्या आल्या तक्रार!" तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. "पुढं? पुढं लाव."

उर्मिलेनं लावलं.

वाक्य झालं. केशरबाईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण दिवा काढून घेतलेल्या देवळीसारखं.

"हे कोण?"

"आई..."

"हे हणमंत हाय." तिनं लगेच ओळखलं. "गावात लग्नाला येऊन येऊन त्याचा आवाज पाठ हाय मला. त्याच्या पुढचं, तुझ्या बाबाचं लाव."

"पुढं बाबांचं काही नाही. मी सगळं तपासलं. पडदा कुठं हलतो, चित्र कसं हलतं, सगळं. हणमंतकाकांशी बोलले. ते सगळ्याच मुलींना..."

"सगळ्याच?"

"हं."

केशरबाईनं खिडकीकडं बघितलं. बाहेर माळी पाइपानं झाडांना पाणी घालत होता. मग ती अगदी साध्या आवाजात, दळण आणायला सांगावं तशी म्हणाली, "ते मशिन, बाबाच्या आवाजात बोलू शकतं का? नसलेलं?"

उर्मिला खोटं बोलू शकली नाही. "शकतं."

"तुला येतं करायला?"

"येतं."

"मग मला खरं कशापायी ऐकवलंस?"

उर्मिलेकडं उत्तर होतं, कोर्टात दिलेलं, परिषदांमध्ये टाळ्या मिळवलेलं. त्यातला एकही शब्द या खोलीत बसेना. "मला वाटलं, तुला खरं हवं असेल."

"खरं!" केशरबाईनं पहिल्यांदाच आवाज चढवला. "खरं मला भूकंपानं दाखवलं, उर्मे. ढिगाऱ्यातून माणसं काढली मी या हातानं. तुझ्याकडं मी खरं मागायला आले न्हवते, तुझा बाबा मागायला आले होते. एवढी शिकलीस, अन् आईला देण्यासारखं खोटं एक सापडलं न्हाई तुला?"

लेक रडली. आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. घरी येताना रिक्षात दोघींच्या मध्ये रिकामी पिशवी होती.

दोन दिवस केशरबाई गॅलरीत बसून राहिली. लसूण सोलला, मेथी निवडली, गुणगुणली मात्र नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता कर."

"काय?"

"ते वाक्य. बाबाच्या आवाजात."

"आई, आता काय उपयोग? तुला माहीत आहे ते खोटं आहे."

"मला म्हाईत झालं. गुर्जींना न्हाई झालं." ती लेकीकडं बघत नव्हती. "अमुशाला ते येणार ऐकायला. त्या माणसानं आक्खा जलम चुलीपुढं एकट्यानं काढला. तापानं फणफणले तरी कुणाला हाक मारली न्हाई. तुला शिकवलं, तुझी फी कमी पडली तर गुपचूप भरली, कधी उंबरा ओलांडला न्हाई. का? तर मी त्यांना एक वाक्य सांगितलं. आता काय सांगू? फोकस बसंना म्हणून व्हिडिओवाला बोलला, अन् त्यापायी मी तुम्हाला न्हाई म्हणले?"

उर्मिला तिच्याशेजारी खाली बसली.

"माझा जलम गेला तर गेला. तो माझ्या अडाणीपणाचा. त्यांचा गेला तो तरी खऱ्या माणसापायी गेला असं त्यांना वाटू दे."

"मी शपथेवर सांगत आलेय, आई. यंत्र काही मिसळत नाही."

"मशिन कुठं मिसळतंय? तू मिसळ."

तिनं मिसळलं. चहा निवायच्या आत झालं.

अमावास्येला करजखेडीच्या नव्या गावात ऊन तापलेलं होतं. सगळी सिमेंटची घरं एकसारखी. केशरबाईच्या दारात तेवढा लिंब. नागनाथ गुरुजी इस्त्रीचा सदरा घालून आले. खूप वाळले होते. दारात थांबले, सवयीनं.

"या की आत," केशरबाई म्हणाली. "आज तरी या."

ते आत आले. सतरंजीवर बसले, हात मांडीवर ठेवून, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखे. उर्मिलेनं लहानसा स्पीकर मध्ये ठेवला.

"काय गं शास्त्रज्ञ," ते हसले, "उजेडानं चहाडी केली म्हणायची शेवटी."

"हो गुरुजी."

बाशिंग टोचत असलेला व्यंकटराव बोलला. गुरुजी खुदकन हसले. "बिचारा. माझंही टोचलं होतं." मग खरखर, मंगलाष्टकांची एक ओळ, आणि मग त्याच गळ्यातून, नाकातल्या त्याच सुरात, मऊ होऊन आलेलं: "भिऊ नको. मी हाय ना."

केशरबाई भिंतीला टेकून उभी होती. तिच्या मेलेल्या नवऱ्यानं, जे तो कधीच म्हणाला नव्हता, ते तिनं उभ्यानं ऐकलं. पापणी हलली नाही.

"पुन्हा लावतेस?" गुरुजींनी विचारलं.

उर्मिलेनं पुन्हा लावलं. त्यांनी मान खाली घालून ऐकलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि घातला नाही. हातातच धरून ठेवला.

"केशरबाई," ते म्हणाले, "तुमची माफी मागायची आहे."

"माझी? कशापायी?"

"त्या दिवशी दारातून परत गेलो तेव्हापासून एक शंका होती मनात. वाटायचं, तुम्ही मला टाळायला ते वाक्य रचलंत. मी आवडलो नसेन, तसं तोंडावर सांगता आलं नाही, म्हणून मेलेल्या माणसाच्या तोंडी घातलंत." त्यांनी चष्म्याच्या काड्या मिटल्या. "इतकी वर्षं रोज समोरून जात होतो आणि मनातून तुम्हाला खोटं धरत होतो. आज कळलं. तुम्ही खरंच बोलत होतात. आता काही वाटत नाही बघा. असं म्हणणाऱ्या माणसापुढं मी हरलो, यात कमीपणा कसला?"

केशरबाईनं लेकीकडं एकदा बघितलं. मग वाकून गुरुजींपुढची कपबशी थोडी त्यांच्याकडं सरकवली.

"मी कशाला खोटं बोलू, गुर्जी," ती म्हणाली. "चहा घ्या. निवायलाय."